मनुष्यसंचार थांबला असतां वन्य प्राण्यांचें काय झालें? शके १९४२ च्या टाळेबंदीच्या पुराव्याची छाननी

(१) विषयप्रवेश

शके १९४२ शार्वरी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध १, बुधवार, म्हणजे ता. २५ मार्च २०२०, हा दिवस पुढील काळच्या शकावलीकारांस वगळतां येणार नाहीं. करोनाच्या सांथीचा प्रतिबंध व्हावा म्हणून त्या दिवसापासून सर्व देशभर टाळेबंदी लागू झाली. आगगाड्यांची उतारूंची वाहतूक त्यापूर्वींच थांबली होती. आतां रस्ते, बाजार, शाळा, देवालयें व कचेऱ्या हीं एकदम ओस पडलीं. एकामागून एक अशा चार मुदतींनीं हा बंद ३१ मेपर्यंत चालला. सणाची गुढी लोकांनीं आपापल्या दारीं उभारली, परंतु ती पाहावयास रस्त्यावर कोणी नव्हतें.

त्याच सुमारास देशोदेशीं एक वार्ता पसरूं लागली. ती अशी कीं, माणूस घरांत कोंडला गेल्याबरोबर पशुपक्षी आपल्या जुन्या वतनावर परत आले, वनें सुखावलीं आणि सृष्टीस विसावा मिळाला. वार्ता ऐकावयास गोड होती, आणि त्या दु:खाच्या दिवसांत तिनें अनेकांचें समाधानहि केलें. परंतु गोड वार्ता पुष्कळ दिवस निर्वेध चालली म्हणजे ती इतिहास होऊन बसते. आज तीच वार्ता निबंधांतून व व्याख्यानांतून सिद्ध गोष्ट म्हणून येऊं लागली आहे. एखादें विधान बखरींत आढळलें असतां 'यास समकालीन आधार काय? लेखक स्थळीं हजर होता काय?' असे प्रश्न आपण तत्काळ विचारतों. आपल्याच हयातींत घडलेल्या गोष्टीस ते प्रश्न विचारावयाचे नाहींत, असा कांहीं नियम नाहीं.

विषय केवळ कुतूहलाचा आहे असेंहि नाहीं. 'माणूस दूर झाला कीं वन्य जीव सुखी होतो' हें सूत्र एकदां मान्य झालें, तर वनांत व वनाच्या कडेला राहणाऱ्या माणसांस तेथून उठविणें हाच संरक्षणाचा सरळ मार्ग ठरतो. सूत्र खरें असेल तर त्याचें हें फळहि विचारांत घ्यावें लागेल. खोटें असेल तर त्याची किंमत भलत्यांनींच भरलेली असेल. म्हणून प्रथम पूर्वींचे कांहीं दाखले पाहून नंतर शके १९४२ च्या पुराव्याकडे वळावयाचें योजिलें आहे.

(२) पूर्वींचे तीन दाखले

पहिला दाखला पुण्याचाच घेऊं. इ. स. १६३० च्या सुमारास विजापुरकरांच्या तर्फेनें मुरार जगदेवानें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें. गाढवाचा नांगर फिरवून तेथें पहार रोवल्याची कथा प्रसिद्धच आहे. त्याच वेळीं, १६३० ते १६३२ या वर्षांत, दख्खन व गुजराथ या प्रांतांवर मोठा दुष्काळ पडला. अन्नावांचून व त्यामागून आलेल्या रोगराईनें माणसें मेलीं, उरलीं तीं परागंदा झालीं. पुढें दादोजी कोंडदेव यानें या प्रांताची लावणी केली. त्या प्रसंगीं लांडग्यांचा उपद्रव फार वाढला होता, म्हणून लांडगे मारणारांस त्यानें बक्षिसें दिलीं आणि इस्तावा देऊन कुळें वसविलीं, असें एक्याण्णव कलमी बखरींत व तिच्याशीं संबद्ध अशा फारसी तवारिखेंत येतें. हीं साधनें उत्तरकालीन आहेत, हें ध्यानांत ठेवूनच त्यांचा उपयोग केला पाहिजे. तथापि ओसाड मुलखांत श्वापदें माजणें व नव्या लावणीपूर्वीं त्यांचा बंदोबस्त करावा लागणें यांत असंभाव्य कांहीं नाहीं.

मात्र त्यावरून निघणारें अनुमान सावधपणें काढिलें पाहिजे. लांडगा हा दाट अरण्यांतला प्राणी नव्हे. माळरान, पडीक रान व मेंढरांचे कळप हीच त्याची जागा. मुलूख ओस पडला तेव्हां तेथें नवें अरण्य उगवलें म्हणून लांडगा आला असें नव्हे. राखण करणारा धनगर, त्याचीं कुत्रीं व गांवचा जागल्या हे नाहींसे झाले म्हणून तो उघडपणें फिरूं लागला. तेव्हां बखरीची साक्ष मान्य केली तरी ती 'वन वाढलें' याची होत नाहीं. 'राखण उठली' एवढ्याचीच होते. ज्या लांडग्याच्या शिरावर त्या काळीं बक्षीस होतें, तोच आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहे, ही कालगति येथें नमूद करून ठेवावयास हरकत नाहीं.

दुसरा दाखला इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथीचा. या सांथीनें भारतांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गढवालांतील रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासंबंधीं जिम कॉर्बेट यानें असें कारण दिलें आहे कीं, सांथींत प्रेतें इतकीं झालीं कीं त्यांचें रीतसर दहन करणें लोकांस अशक्य झालें. प्रेताच्या मुखांत निखारा ठेवून तें दरींत लोटून देऊं लागले. आणि तीं प्रेतें खाऊन बिबट्यास मनुष्यमांसाची चटक लागली. हें कारण आजवर बहुतेकांनीं जसेंच्या तसें उतरून घेतलें आहे. परंतु त्याच कॉर्बेटनें या बिबट्याच्या पहिल्या नोंदलेल्या मनुष्यवधाची तारीख दिली आहे, ती ९ जून १९१८ ही होय. स्थळ बेंजी गांव. आतां या सांथीचा भारतांतील आरंभ पाहिला तर, मुंबईंत पोलीस शिपाई आजारी पडून इस्पितळांत दाखल झाल्याची नोंद १० जून १९१८ ची आहे. आणि जिनें खरा संहार केला ती दुसरी लाट सप्टेंबरांत उसळली. म्हणजे गढवालच्या डोंगरांत प्रेतांचे ढीग पडण्यापूर्वीं तीन-चार महिने बिबट्यानें पहिला माणूस मारला होता.

यावरून कॉर्बेटची साक्ष सर्वथा टाकाऊ ठरते असें नाहीं. मे १९२६ मध्यें हा बिबट्या त्यानेंच मारला. तोंवर सरकारी नोंदीप्रमाणें १२५ माणसें बळी पडलीं होतीं, आणि त्या प्रदेशाची माहिती त्याच्याइतकी फार थोड्यांस असेल. सांथीनें बिबट्याची खोड वाढविली असेल. पण लाविली असें मात्र त्याच्याच तारखांवरून म्हणतां येत नाहीं. सांथ आणि श्वापद यांचा संबंध जोडतांना आधीं तिथि जुळतात कीं नाहीं हें पाहावें, एवढा धडा यांतून घेण्यासारखा आहे, आणि तो पुढें उपयोगीं पडेल.

तिसऱ्या दाखल्यासाठीं आफ्रिकेंत जावें लागतें. कारण सांथीनें झालेली ओसाडी सरकारी हुकुमानें राखीव वनांत कशी पालटते, हें तेथें स्पष्ट दिसतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं युगांडांत व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं निद्रारोगाची सांथ उद्भवली. हा रोग त्से-त्से नांवाच्या माशीच्या दंशानें पसरतो. पहिल्या कांहीं वर्षांतच दोन लाखांच्या घरांत माणसें मेलीं. तेव्हां गव्हर्नर हेस्केथ बेल यानें कांठचीं गांवें उठवून रहिवाशांस आंत नेण्याचा उपक्रम केला, आणि पश्चिमेकडील एडवर्ड व जॉर्ज या सरोवरांच्या कांठचे लोकहि पुढें असेच हलविले गेले. ओस पडलेल्या त्या भूमींत हत्ती, रानम्हशी व हरणें वाढलीं; तेथें शिकारीस मनाई झाली; आणि १९५२ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. आज प्रवासी त्यास आदिम अरण्य समजून पाहावयास जातात. वस्तुत: तें उठविलेल्या गांवांचें रान आहे. तेथील वन्य प्राण्यांची समृद्धि खरी आहे. पण ती 'मूळचीच' आहे हें म्हणणें खरें नाहीं, आणि ज्यांचीं घरें तेथें होतीं त्यांच्या दृष्टीनें हा भेद लहान नाहीं.

(३) शके १९४२ च्या वार्ता

आतां प्रस्तुत विषयाकडे येऊं. टाळेबंदीच्या आरंभींच ज्या वार्ता सर्वत्र पसरल्या, त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग निखालस खोट्या वार्तांचा. इटलींतील व्हेनिस नगराच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याचें चलचित्र मार्च २०२० मध्यें लाखों लोकांनीं पाहिलें. तें चित्र व्हेनिसचें नसून शेंकडों मैल दूर असलेल्या सार्डिनिया बेटांतील बंदराचें होतें. त्याच नगराच्या कालव्यांचें पाणी नितळ दिसूं लागलें हें खरें, परंतु त्याचें कारण नावांची ये-जा थांबल्यामुळें तळचा गाळ ढवळला जात नव्हता, हें होतें. चीनच्या युन्नान प्रांतांत हत्ती मद्य पिऊन चहाच्या मळ्यांत झोंपल्याची कथाहि अशीच निराधार ठरली. केरळांत कोळिकोड जिल्ह्यांतील मेप्पयूर येथें भर रस्त्यानें चाललेलें एक जनावर अतिदुर्मिळ मलबारी कस्तुरी मांजर म्हणून गाजलें. जाणकारांनीं पाहून सांगितलें कीं तें नेहमींचें लहान कस्तुरी मांजरच आहे. बखरींतील चमत्कार आणि हे चमत्कार यांच्या जातींत फरक नाहीं. फरक इतकाच कीं, हे चित्रासह येतात, म्हणून अधिक लवकर पटतात.

दुसरा वर्ग अशा वार्तांचा कीं ज्यांत घटना खरी, पण कारण चुकलेलें. ठाण्याच्या खाडींतील व नवी मुंबईच्या पाणथळींतील रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे हें त्याचें उत्तम उदाहरण. एप्रिल २०२० मध्यें हे थवे फार मोठे दिसले, आणि 'माणूस हटला म्हणून रोहित आले' असें सर्वतोमुखीं झालें. परंतु रोहित पक्षी या खाडीवर दरवर्षीं येतात. हिवाळ्याच्या सुमारास येऊं लागतात व पावसाच्या तोंडाशीं जातात. खाडीचा एक भाग त्यांच्यासाठींच २०१५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें त्यांची पद्धतशीर पाहणी टाळेबंदीच्या पूर्वींच सुरू केली होती. जे पक्षी मार्गशीर्ष-पौषांत येतात, त्यांच्या येण्याचें कारण चैत्रांतील हुकूम असूं शकत नाहीं. खाडीवरील गलबला कमी झाल्यामुळें ते अधिक निर्धास्तपणें विखुरले असतील, हें संभवतें. पण येणें वेगळें आणि निर्धास्त होणें वेगळें.

ओरिसाच्या किनाऱ्यावर ऋषिकुल्या नदीच्या मुखाशीं ऑलिव्ह रिडले जातीचीं लाखों कासवें मार्च २०२० च्या उत्तरार्धांत अंडीं घालावयास वर आलीं. मागील वर्षीं, म्हणजे २०१९ सालीं, तेथें असें सामुदायिक आगमन झालें नव्हतें; तेव्हां लोकांनीं लगेच टाळेबंदीशीं संबंध जोडला. परंतु हीं कासवें नोव्हेंबरपासूनच किनाऱ्यालगतच्या समुद्रांत जमूं लागतात. कोणत्या वर्षीं व कोणत्या रात्रीं वर यावयाचें हें वारा, भरती-ओहोटी व वाळूची स्थिति यांवर अवलंबून असतें. आणि एखादें वर्ष रितें जाणें हें त्या किनाऱ्यास नवें नाहीं. टाळेबंदीनें कासवें आणलीं नाहींत. बघ्यांची गर्दी मात्र दूर ठेविली. रुद्रप्रयागच्या बिबट्याप्रमाणें येथेंहि तिथीचा हिशेब केला म्हणजे कारण आपोआप गळून पडतें.

तिसरा वर्ग गांवांत व शहरांत श्वापदें 'परत आल्याच्या' वार्तांचा. बिबट्या वस्तींत दिसला कीं तो रिकाम्या रस्त्यामुळें आला, असें म्हणण्याची रीत पडली. परंतु अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं केलेली पाहणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली आहे. तींत उंसाच्या व गांवांच्या त्या मुलखांत दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे आढळले, आणि माणसांची वस्ती तेथें दर चौरस किलोमीटरांस तीनशेंहून अधिक होती. म्हणजे बिबट्या आधींपासून तेथेंच होता. तो रात्रीं फिरत होता व आपण त्यास पाहत नव्हतों. जो गेलाच नव्हता तो परत कसा येणार?

या सर्वांच्या मुळाशीं साक्षीदारांचा प्रश्न आहे, आणि संशोधकाच्या दृष्टीनें तोच मुख्य होय. टाळेबंदींत माणूस घरीं बसला, त्याबरोबर पाहणाराहि घरींच बसला. नेहमीं जो पक्षिनिरीक्षक पहाटे तळ्यावर जाई तो आतां सज्जांत उभा राहून समोरच्या झाडाकडे पाहूं लागला. ज्यास पूर्वीं वर पाहावयास सवड नव्हती तोहि खिडकींतून पाहूं लागला, आणि हातांतील भ्रमणध्वनीनें चित्र टिपूं लागला. त्यामुळें खिडकीसमोरच्या नोंदी एकाएकीं वाढल्या आणि रानांतल्या नोंदी आटल्या. नोंद वाढली म्हणून प्राणी वाढला असें नव्हे. एखाद्या घराण्याचें दफ्तर शाबूत राहिलें म्हणून तेंच घराणें त्या काळीं कर्तें होतें असें आपण मानीत नाहीं. येथेंहि तोच विवेक पाहिजे.

(४) मोजलेला पुरावा

सुदैवानें या काळाचा अव्वल प्रतीचा पुरावाहि आहे. जून २०२० मध्यें ख्रिश्चन रुट्झ व त्यांचे सहकारी यांनीं 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकांत या मनुष्यविरामास 'अँथ्रोपॉज' असें नांव देऊन, ज्या प्राण्यांच्या अंगावर पूर्वींपासून मागोव्याचीं यंत्रें बसविलेलीं आहेत त्यांच्या नोंदी एकत्र करण्याचें आवाहन केलें. त्या प्रयत्नाचें फळ २०२३ सालीं 'सायन्स' मध्यें आलें. भूचर सस्तन प्राण्यांच्या ४३ जाति व सुमारें २,३०० प्राणी यांच्या हालचाली २०१९ च्या त्याच ऋतूशीं ताडून पाहिल्या असतां, जेथें टाळेबंदी कडक होती तेथें प्राण्यांनीं दहा दिवसांत काटलेलीं लांबांत लांब अंतरें ७३ टक्क्यांनीं वाढलेलीं दिसलीं. आणि दाट मनुष्यवस्तीच्या प्रदेशांत ते रस्त्यांच्या ३६ टक्के अधिक जवळ आले. वाहनांचा धाक कमी होतांच वाटा मोकळ्या झाल्या, ही गोष्ट येथें सिद्ध होते. प्राणी वाढले, ही गोष्ट सिद्ध होत नाहीं.

यापुढें कॅमेरा-सापळ्यांची साक्ष आली. २१ देशांतील १०२ पाहण्यांचे, १६३ सस्तन जातींचे आंकडे २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत एकच एक असा नमुना निघाला नाहीं. कोठें माणूस कमी झाल्यावर प्राण्यांचा वावर वाढला, कोठें घटला. जंगली भागांतले प्राणी माणसास अधिक बुजतात. वस्तीजवळचे प्राणी माणसाची वेळ टाळून रात्रीं वावरण्यास शिकलेले असतात. सर्व पशूंस एका वाक्यांत गोंवणें शक्य नाहीं, हेंच त्या पाहणीचें तात्पर्य.

जुन्या कागदांच्या संग्राहकांस विशेष रुचेल असें एक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचें आहे. तेथील पांढऱ्या मुकुटाच्या चिमण्यांचें गाणें एलिझाबेथ डेरीबेरी व सहकारी यांनीं टाळेबंदींत ध्वनिमुद्रित केलें. नगराचा गोंगाट १९५० नंतरच्या दशकांत होता तितका खालीं आला होता. पक्षी हळू आवाजांत गात होते, तरी त्यांचें गाणें पूर्वींपेक्षां दूरवर ऐकूं जात होतें. हा निष्कर्ष काढतां आला याचें कारण एकच: त्याच ठिकाणच्या चिमण्यांचीं कांहीं वर्षांपूर्वींचीं ध्वनिमुद्रणें जपून ठेविलेलीं होतीं. तीं नसतीं तर २०२० चें गाणें केवळ मधुर वाटलें असतें. त्याचा अर्थ लागला नसता. पूर्वींचा अस्सल कागद हाताशीं नसेल तर नंतरच्या कागदाचें मोल करतां येत नाहीं, हा आपला नित्याचा अनुभव होय.

(५) राखण उठली म्हणजे काय होतें

पुण्याच्या लांडग्यांच्या कथेवरून जें अनुमान केलें त्याचा प्रत्यय टाळेबंदींत अनेक ठिकाणीं आला. बाल्टिक समुद्रांत स्वीडनचें स्टोरा कार्लस्यो नांवाचें बेट आहे. तेथील कड्यांवर गिलेमॉट जातीचे समुद्रपक्षी घरटीं करतात, व ते पाहावयास उन्हाळ्यांत प्रवासी जातात. २०२० सालीं प्रवासी आले नाहींत. तेव्हां माणसांस बिचकणारे पांढऱ्या शेंपटीचे समुद्रगरुड पूर्वींच्या सातपट संख्येनें बेटावर घिरट्या घालूं लागले. गिलेमॉट वारंवार घाबरून उडाले. उघड्या पडलेल्या अंड्यांवर कावळे व कुरव यांनीं ताव मारला. आणि त्या वर्षींची पिलांची निपज २६ टक्क्यांनीं घटली. प्रवासी केवळ उपद्रव नव्हते. नकळत ते राखणदारहि झाले होते.

आपल्या देशांत तर मनुष्यसंचार थांबला हें म्हणणेंच अर्धवट आहे. शहरें ओस पडलीं तीं तेथील मजूर आपापल्या गांवीं निघाले म्हणून. शेंकडों मैल चालत जाणाऱ्या त्या लोकांचीं चित्रें कोण विसरेल? म्हणजे मनुष्य नाहींसा झाला नाहीं, त्याची जागा पालटली. नगरें रितीं झालीं व रानाच्या कडेचीं गांवें भरलीं; हाताला काम नव्हतें व घरांत दाणा थोडा होता. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेच्या भारतशाखेनें वर्तमानपत्रांतील वृत्तांवरून काढलेल्या टांचणांत, टाळेबंदीपूर्वींच्या सहा आठवड्यांत (१० फेब्रुवारी ते २२ मार्च २०२०) अवैध शिकारीचे ३५ प्रकार आहेत. पुढील सहा आठवड्यांत (२३ मार्च ते ३ मे) ८८. त्यांत खुरांच्या प्राण्यांची शिकार ८ वरून ३९ वर गेली. संस्थेच्याच मतें यांतील बरीचशी शिकार स्वत: खाण्यासाठीं किंवा गांवांतच विकण्यासाठीं झाली. वृत्तपत्रांवरून केलेलें टांचण पूर्ण नसतें. तथापि 'वनें सुखावलीं' या वार्तेच्या शेजारीं तें ठेवून वाचणें अवश्य आहे.

संरक्षणाच्या कामाचें असेंच झालें. पूर्वीं ज्या युगांडाचा उल्लेख केला तेथेंच, ब्विंडीच्या अरण्यांत, 'रफिकी' नांवाचा सुप्रसिद्ध पृष्ठरजत गोरिला १ जून २०२० रोजीं मारला गेला. रानडुकराच्या मांसासाठीं शिरलेल्या शिकाऱ्याच्या भाल्यानें तो मेला. शिकाऱ्यास ११ वर्षांची कैद झाली. त्या अरण्यांत गोरिला पाहावयास येणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या पैशांतून रखवालीचा खर्च चालतो व आसपासच्या गांवांस कांहीं मिळकत होते. मार्चपासून तें सर्व बंद होतें. दक्षिण अटलांटिकांतील गॉफ बेटावर उंदीर अल्बाट्रॉस पक्ष्यांचीं पिलें जिवंत कुरतडतात. ते नष्ट करण्याची २०२० ची मोहीम सांथीमुळें एक वर्ष पुढें गेली. माणसानें केलेली हानि माणूस घरीं बसल्यानें भरून येत नाहीं. ती भरून काढण्यास पुन: माणूसच जावा लागतो.

(६) निष्कर्ष व पुढील कार्य

वरील विवेचनावरून निघणारे निष्कर्ष असे:

१. टाळेबंदीनें वाहनांचा धाक, गोंगाट व गर्दी हीं कमी झालीं, आणि कित्येक प्राण्यांनीं त्याचा लाभ घेऊन आपल्या वाटा व वेळा पालटल्या. हें मोजमापानें सिद्ध आहे.

२. प्राणी 'परत आले' किंवा 'वाढले' हें विधान सामान्यत: असिद्ध आहे, गाजलेल्या पुष्कळ उदाहरणांत तिथि जुळत नाहींत.

३. माणूस हा उपद्रवकर्ता आहे, तसाच तो राखणदारहि आहे. तो एकदम उठला कीं दोन्ही गोष्टी एकदम उठतात. त्यांपैकीं कोणतीचा परिणाम भारी पडेल हें त्या त्या स्थळावर व त्या त्या प्राण्यावर अवलंबून असतें.

४. म्हणून ओसाडी म्हणजे संरक्षण नव्हे. टाळेबंदीच्या दाखल्यावरून वनवासी लोकांस वनांतून उठविण्याचें समर्थन होऊं शकत नाहीं. रानाची वाट, पाणवठा व श्वापदाची चाल ज्यांस ठाऊक आहे ते लोक २००६ च्या वनाधिकार कायद्यानें आपल्या जमिनींचे व वनोपजाचे हक्क मागतात. त्यांच्या मागणीचा निवाडा करतांना शके १९४२ ची गोड वार्ता पुरावा म्हणून पुढें येऊं देऊं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. या काळाचीं अस्सल साधनें अद्याप ठिकठिकाणीं पडून आहेत. वनरक्षकांच्या गस्तीच्या वह्या, गुरें मारलीं गेल्याचे पंचनामे व भरपाईचे अर्ज, ग्रामपंचायतींचे गांवबंदीचे ठराव, नाक्यावरील नोंदपुस्तकें, शेतकऱ्यांच्या रोजनिश्या आणि पक्षिनिरीक्षकांचीं टांचणें हीं सर्व त्यांत येतात. जुन्या काळचे मोडी रुमाल जसे वाळवीनें व पावसानें गेले, तसे हे नव्या कचेरीची आवराआवर होतांना रद्दींत जातील. आणि जें यंत्रांत सांठविलेलें आहे तें यंत्राबरोबरच नष्ट होईल. गोड वार्ता मात्र शिल्लक राहील, कारण तिला जपण्यासाठीं कोणी कष्ट घ्यावे लागत नाहींत. दादोजीच्या लांडग्यांसंबंधीं एखादें समकालीन पत्र आज मिळालें तर आपण त्याचें केवढें स्वागत करूं! पुढील संशोधकांस शके १९४२ च्या बिबट्यांविषयीं असें पत्र मिळावें कीं केवळ बखरीवरच भिस्त ठेवावी लागावी, हें आज आपल्या हातांत आहे. ज्यांच्या गांवीं अशी वही असेल त्यांनीं तिची नक्कल, स्थळ व तारीख यांसह, जवळच्या संशोधन-मंडळाकडे पोहोंचती करावी.